कुमुद सिस्टरांनी माझ्या वहीत लिहिलेला शेरा

आधी माफी मागतो. कुमुद सिस्टरांवर लिहायचा खरा हक्क त्यांच्या वॉर्डातल्या माणसांचा आहे, ज्यांनी त्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षं काढली. नाहीतर पुण्याला असलेल्या त्यांच्या भावाचा. मी त्यांच्या हाताखाली होतो जेमतेम अकरा आठवडे, तेही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून. यवतमाळात त्या कुठल्या भागात राहतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं, विचारायची हिंमत झाली नाही. शिवाय मला लिहिता येतं असंही नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि बोरी अरबच्या शाळेत निबंध लिहीत होतो त्यानंतर परीक्षेच्या पेपराशिवाय काही लिहिलेलं नाही. पण सिस्टरांची एक गोष्ट अशी आहे की ती आता फक्त मला आणि आमच्या एका मॅडमना माहीत आहे. ती चांगली की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेवढ्यासाठी लिहितो आहे.

वॉर्डला एक इन्चार्ज सिस्टर असतात हे रुग्णांच्या नातेवाइकांनाही माहीत असतं. त्यांच्या हाताखाली एक सहायक इन्चार्ज असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात कुमुद सिस्टर त्या जागेवर होत्या. सलाइनचे स्टँड मोडले, सफाईच्या मावशी आल्या नाहीत, एखाद्या विद्यार्थ्याने थर्मामीटर फोडलं, की ते सिस्टरांकडे. मोठे डॉक्टर राउंडला इन्चार्जवर चिडायचे, इन्चार्ज त्यांच्यावर चिडायच्या, आणि तो राग खाली नर्सेसपर्यंत जाताना सिस्टरांपाशी पुष्कळसा जिरून जायचा, हे मला फार नंतर कळलं. इन्चार्जच्या खोलीत इन्चार्जची खुर्ची होती, ड्युटीरूममध्ये नर्सेसच्या खुर्च्या होत्या. सिस्टरांची म्हणावी अशी खुर्ची मी कुठंच पाहिली नाही. त्या टेबलाच्या कडेला टेकून उभ्या राहून लिहायच्या.

महिन्याची ड्युटी लिस्टही त्याच करायच्या. कोणाची सकाळ, कोणाची दुपार, कोणाची रात्र, कोणाला कुठल्या सणाची सुट्टी... आधी पेन्सिलीने करायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या. भिंतीवर लिस्ट लागली की ड्युटीरूममध्ये अचानक शांतता. एकदा मला म्हणाल्या, "पाह्यलं का? लिस्ट लागली की चार दिवस माह्याशी कोणी बोलत नाही. पाचव्या दिवशी सुट्टी मागायले येतात." आणि हसल्या. आई गेल्यापासून त्या घरी एकट्याच होत्या. दिवाळी, पोळा, संक्रांत, सगळ्या सणांना लिस्टमध्ये त्यांचं नाव ड्युटीला असायचं. अर्चना नावाच्या स्टाफ नर्स एकदा त्यांच्यामागे म्हणाल्या, "त्यायले काय, घरी कोन वाट पाह्यते?" सिस्टर दाराशीच होत्या. आत आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "खरंच कोणी नाही पाहत गं. म्हणून तं तुले दिवाळी भेटते." अर्चना सिस्टर ओशाळल्या. नंतर त्यांनी घरून चिवडा आणून सिस्टरांच्या डब्याशेजारी ठेवला. पण त्यांच्या शेजारी बसून खाल्ला नाही, कोणीच खात नसे.

आमच्या वर्गात मुलं मोजकीच होती, आणि त्या वॉर्डात माझ्या बॅचमध्ये मी एकटा मुलगा. मुली एकत्र जेवायच्या. मी डबा घेऊन जिन्यात बसायचो. रुग्ण मला "डॉक्टरसाहेब" म्हणायचे आणि मी ते दुरुस्त करायचो नाही, कारण गावात बाबांनी "पोरगा डॉक्टरकीच्याच कॉलेजात आहे" असंच सांगून ठेवलं होतं. एक दिवस सिस्टर जिन्यावरून जाताना थांबल्या. "काय रे बोरी, इथं काहून बसला? पायरीले भूक लागली का?" माझं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी गावावरून ठेवलं होतं, बोरी. त्यांनी मला चादरी-उशा ठेवायच्या खोलीत नेलं, तिथं खिडकीशी त्या जेवायच्या. वांग्याची भाजी मला वाढली. दोघंही फारसं बोललो नाही. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा मी तिथं जेवायला जाऊ लागलो. यवतमाळात माझी अशी दुसरी जागा नव्हती, आणि त्यांची होती असं मला वाटत नाही.

आता जे सांगायला संकोच वाटतो ते सांगतो. मी हळू होतो. सकाळी आठला आणि दहाला प्रत्येक रुग्णाचं तापमान, नाडी, श्वास पाहून खाटेच्या चार्टवर लिहायचं, हे आमचं काम. बाकीच्या मुली पंधरा सेकंद नाडी मोजून चारने गुणायच्या. मला भीती वाटायची, चुकेल म्हणून, मी पूर्ण मिनिट मोजायचो आणि अर्ध्या वॉर्डातच दहा वाजायचे. मुली हसायच्या. मग वरच्या वर्गातल्या एकाने युक्ती सांगितली, "दहाचं आठलेच भरून टाक ना बे. दोन तासात मानसाची नाडी कुठं पळून जाते?" पहिल्या दिवशी इकडंतिकडं पाहून लिहिलं. तिसऱ्या दिवशी नाही.

अकरा नंबरच्या खाटेवर दारव्ह्याचे एक आजोबा होते, निमोनियाचे. बरे झाले होते. त्या दिवशी त्यांना सकाळी नऊलाच सुट्टी मिळाली आणि मुलगा त्यांना घेऊन गेला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला होतो, मला कळलंच नाही. साडेदहाला सिस्टर हातात चार्ट घेऊन आल्या. दहा वाजता, नाडी ७८, श्वास १८, खाली माझी सही.

"बोरी," त्या म्हणाल्या, "तुही बोटं तं लय लांब आहेत रे. बुढा दारव्ह्याच्या जीपमधी बसून गेला, अन् तू इथून त्याची नाडी पाह्यली?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मीही हसायचा प्रयत्न केला, पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी मला चादरींच्या खोलीत नेलं, दार लोटलं. मला वाटलं आता संपलं. कॉलेजला कळलं तर वर्ष जाणार, कदाचित कॉलेजच जाणार, आणि बाबांना गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही... मी रडलो, हे लिहायला हरकत नाही. सिस्टरांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "हळू आहेस तं हळू राय. उशिरा लिहिलेलं चालते. न पाह्यलेलं चालत नाही. त्या आकड्यावर डॉक्टर औषध देतो बापा." मी मान हलवली. त्या पुढं म्हणाल्या, "मी नाही सांगत कॉलेजात. तू सांग. तुह्या मॅडमजवळ जा, अन् किती दिवस असं केलं ते सांग. मी सांगतलं तं तुले शिक्षा होईल. तू सांगतलं तं तू नर्स होशील."

मॅडम म्हणजे आमच्या ट्यूटर. कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा गेलो. तिसऱ्यांदा तर त्यांनी आतून विचारलं, "काय पाहिजे?" आणि मी म्हणालो, "हजेरीचं विचारायचं होतं." आठवड्याभराने सिस्टरांनी डबा उघडताना विचारलं, "सांगतलं का?" मी म्हणालो, "हो." इतक्या सहज म्हणालो की मलाच आश्चर्य वाटलं. "काय म्हणाल्या?" "रागावल्या. पण पुन्हा करू नको म्हणाल्या." सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वेळ पाहिलं. मग डब्यातली पोळी मोडून अर्धी मला दिली.

वॉर्ड सुटायच्या दिवशी प्रत्येकाच्या प्रॅक्टिकलच्या वहीत शेरा मिळतो. इन्चार्ज सगळ्यांना "समाधानकारक" लिहायच्या. माझ्या वहीत सिस्टरांनी स्वतः लिहिलं, निळ्या शाईने, बारीक अक्षरात, "कामात हळू. चूक कबूल करतो." खाली सही. मी "थँक्यू सिस्टर" म्हणालो आणि त्यांच्या डोळ्यांकडे न पाहता निघालो. पुढं वर्षं गेली. तोंडी परीक्षांना बाहेरून आलेले परीक्षक ती वही चाळायचे, एकाने तर तो शेरा मोठ्याने वाचून "हे महत्त्वाचं" असं म्हटलं. माझ्या सगळ्या शिक्षणात माझ्याबद्दल कोणी लिहिलेलं ते सर्वांत चांगलं वाक्य होतं, आणि ते खोटं होतं. सिस्टरांना भेटायला मी एकदाही गेलो नाही. रस्त्यात हॉस्पिटल लागलं तर पलीकडच्या बाजूने जायचो.

आता मी वणीकडे एका लहान दवाखान्यात काम करतो. राजूरच्या खाणीतले कामगार येतात, खोकला घेऊन, दम घेऊन. इथं सगळे मला ब्रदर म्हणतात. मी अजूनही नाडी पूर्ण मिनिट मोजतो आणि अजूनही हळू आहे. दोन महिन्यांपूर्वी तिथले डॉक्टर दुसऱ्या एकाला माझ्यादेखत म्हणाले, "ब्रदरनं लिहिलं असेल तर पुन्हा पाहायची गरज नाही." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी जाऊन बसावंसं वाटलं. पुढच्याच आठवड्यात प्रमाणपत्राचं काम काढून मी यवतमाळला कॉलेजात गेलो आणि मॅडमच्या खोलीत जाऊन, उभ्यानेच, सगळं सांगितलं. किती दिवस केलं, कोणी पकडलं, मग सिस्टरांना काय खोटं सांगितलं.

महिनाभराच्या रजेवरून मॅडम त्याच दिवशी परतल्या होत्या; त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाल्या, "म्हणजे तेच होतं ते."

"काय मॅडम?"

"कुमुद सिस्टर तेव्हा माझ्याकडे आल्या होत्या. तुमची बॅच वॉर्डातून सुटायच्या दोन दिवस आधी. विचारत होत्या, तुमचा बोरीचा मुलगा काही बोलायला आला होता का. मी म्हटलं, नाही, का? तर म्हणाल्या, येईल."

मी खाली बसलो. दोन दिवस आधी. म्हणजे शेरा लिहिताना सिस्टरांना माहीत होतं. मी मॅडमकडे गेलो नव्हतो, त्यांच्याशी खोटं बोललो होतो, खोटं बोलून त्यांच्या डब्यातली पोळी खाल्ली होती, हे सगळं माहीत असताना त्यांनी निळ्या शाईने ते वाक्य लिहिलं. ज्या बाईने मला एका नाडीच्या आकड्यासाठी दार लोटून रडवलं, न पाहिलेलं लिहायचं नाही म्हणून, तिने स्वतः जे पाहिलं नव्हतं ते माझ्याबद्दल लिहून खाली सही केली. का? दया आली म्हणून? की मला शिक्षा म्हणून, की ते वाक्य मी जन्मभर बाळगावं? की त्यांना खरंच वाटत होतं, मी एक दिवस जाईन म्हणून? मला फक्त इतकं कळलं की हे त्यांनाच विचारायचं. आणि आधी सांगायचं, की सिस्टर, गेलो होतो, आज खरंच सांगून आलो.

मला तेव्हाच वॉर्डात जायला हवं होतं. कॉलेजापासून फार लांब नाही. पण वणीची शेवटची गाडी चुकेल हे निमित्त पुरेसं होतं, आणि खरं सांगायचं तर समोर उभं राहायचा धीर नव्हता. ठरवलं, फोन करायचा. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. वॉर्डचा होता. त्यातही चार दिवस घालवले. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, दोनदा. पाचव्या दिवशी दुपारी, दवाखान्यात गर्दी नसताना, मागच्या व्हरांड्यात जाऊन लावला. फोन अर्चना सिस्टरांनी उचलला. आवाज ओळखला मी. माझं नाव सांगितलं, त्यांना आठवेना. मग म्हटलं, "बोरी. चादरीच्या खोलीत जेवत होतो तो."

"अरे, बोरी! कुठं आहे रे बाबू तू?"

"वणीकडे. सिस्टर, जरा कुमुद सिस्टरांना देता का फोन? थोडं सांगायचं होतं."

तिकडे कोणीतरी भांडी नेत असल्याचा आवाज येत राहिला. मी पुन्हा हॅलो म्हटलं.

"तुले कोनी सांगतलं नाही?" अर्चना सिस्टर म्हणाल्या. "गेल्या ना रे त्या. तेरवीबी झाली. आता... आता तं महिना होत आला." मग त्या एकट्याच बोलत राहिल्या, जणू त्यांनाही हे कोणाला तरी सांगायचं राहिलं होतं. "सकाळची ड्युटी होती. आल्या नाही, घरीच पडून होत्या एकट्या. कवाच असं होत नाही, पण लिस्ट त्यायचीच असते ना, आम्ही समजलो का स्वतःची सुट्टी टाकली असन. आम्हाले तं बरंच वाटलं रे, का घेतली बाईनं एकदाची सुट्टी. म्हणून दुपारपर्यंत कोनी फोनच नाही केला."