छापण्याआधी

महाडच्या कचेरीतला तो कारकून साप्ताहिकात नाट्यपरीक्षणं लिहायचा. फुकटचा पास घ्यायचा नाही. छापण्याआधी परीक्षण नाटकाच्या कंत्राटदाराला, म्हणजे मला, वाचून दाखवायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर चष्म्यावरून बघायचा.

एकदा त्याने वाचलं, "नायिकेचा आवाज चौथ्या रांगेपलीकडे पोचत नाही."

मी भडकलो. "भाऊसाहेब, पुढच्या आठवड्यात पोलादपूरला प्रयोग हाय! पोरीचं काम जाईल. काढा ते."

"खोटं असेल तर सांगा शेठ, आत्ता खोडतो." त्याने पेन्सिल त्या ओळीवर टेकवून ठेवली.

तिच्यासमोरचा माइक बंद पडला होता. स्वस्तात मिळतो म्हणून तो मीच आणला होता.

"छापा," मी म्हणालो.

पोलादपूरला नाटक कंपनीने दुसरी नायिका उभी केली. त्या कारकुनाने छापण्याआधी मला विचारलं, याचाच राग अजून जात नाही.