जावयाचा प्रोग्राम

भंडाऱ्यात मामाकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कारखाना पाहावा लागायचा. कारखाना म्हणजे मागच्या अंगणातली एक लांबट खोली. तिथे पूर्वी हातमाग चालत. सत्तरच्या दशकात माग एकेक करून बंद पडले, तेव्हा मामाने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि गावोगाव टीव्ही आल्यावर त्याच खोलीत आम्ही स्टॅबिलायझर बनवायला लागलो. हे सगळं आपल्या डोक्यातून निघालं, असं मामा चारचौघांत सांगायचा. डोकं त्याचं असेल. हात माझे होते.

मी त्याच्या बहिणीचा एकुलता मुलगा. वडील लवकर गेले. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन आलो तेव्हा मामा आईला म्हणाला, "बाई, तू कायले चिंता करतेस? मले एकच पोरगी, ते जाईल सासरी. कारखाना याच्याच हाती राहणार आहे." आईने हे वाक्य इतक्या जणांना ऐकवलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. त्या भरवशावर मी नागपूरच्या दोन चांगल्या नोकऱ्या नाकारल्या.

स्टॅबिलायझरचा माल नागपूरहून यायचा, आणि मागितलेला माल कधी मिळायचा नाही. दुकानदार म्हणायचा, ते नाही, हे घेऊन जा. म्हणून कशाच्या जागी काय चालेल हे ठरवणं माझं मुख्य काम होऊन बसलं. त्यातली मेख अशी की बदल एकाच बाजूने चालतो. जास्त व्होल्टेज सोसणारा कंडेन्सर कमी सोसणाऱ्याच्या जागी लावा, काही बिघडत नाही. उलट केलं की फुटलाच. शेरभर तांदूळ पायलीत मावतात, पायलीभर शेरात मावत नाहीत.

माल ठेवायला आमच्याकडे मागाच्या कांड्यांच्या जुन्या लाकडी पेट्या होत्या. मी मागाचं उरलेलं लाल सूत घेतलं आणि ज्या दोन पेट्यांतला माल एकमेकांच्या जागी चालतो त्यांच्यामध्ये ते ताणून बांधलं. एका टोकाशी मोठी गाठ. माल गाठीच्या दिशेने जाणार, गाठीकडून परत येणार नाही. जोडणीला बसणाऱ्या बाया सगळ्या विणकरांच्या घरच्या. जन्म सुतात गेलेला. त्यांना हे दोनदा सांगावं लागलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मामाला कॉम्प्युटरचं वेड लागलं. गावात एखाद्याच कचेरीत ते यंत्र होतं, म्हणून त्याला ते हवं होतं. मी विरोध केला नाही. पेट्या वाढल्या होत्या, सुताचं जाळं झालं होतं, मलाही ते नीट कुठेतरी उतरवायचं होतं. प्रोग्राम कोणता घ्यायचा हे मामाने माझ्यावर सोपवलं. नागपूरचा एक माणूस एसटीने येऊन आपला प्रोग्राम दाखवून गेला. दिसायला अगदी रुक्ष. पण पर्यायी माल भरला की तो पडद्यावर विचारायचा, उलट चालेल का? हो की नाही? मी तिथेच खूश झालो. मामालाही म्हणालो, हाच घेऊ. मामा म्हणाला, घेऊ.

आणि मग धोंड्याचा महिना लागला.

नवतपाचं नऊ दिवसांचं ऊन तापलेलं, आणि मामाचा जावई नागपूरहून वाणाला आला. मामा-मामींनी त्याचे पाय धुतले, अनारसे वाढले, धोतरजोडी दिली. जेवण झाल्यावर जावयाने पानाला चुना लावता लावता सांगितलं की तो आता मित्राबरोबर कॉम्प्युटरच्या धंद्यात पडला आहे, आणि मालाचा हिशेब ठेवणारा त्यांचा स्वतःचा प्रोग्राम आहे. यंत्रही तो सोबतच घेऊन आला होता. कूलर त्याच्याकडे फिरवला गेला. प्रिंटरमधून आधी चांदण्या चांदण्यांचा गणपती निघाला, मग मामाचं नाव निघालं, हातभर मोठ्या अक्षरांत. मामींनी गणपतीच्या कागदाला हळदकुंकू वाहिलं.

मी विचारलं, "भाऊजी, मोठा कंडेन्सर लहानाच्या जागी चालते, लहान मोठ्याच्या जागी नाही चालत. हे याले कसं सांगाचं?"

"अरे, पर्याय म्हणजे पर्याय," जावई हसला. "थोरला धाकट्याचा भाऊ, तर धाकटा थोरल्याचा भाऊ नाही का?"

सगळे हसले. माझी जीभ गप्प बसेना.

"अन् मामा?" मी म्हणालो. "मामा भाच्याचा मामा राहते. भाचा मामाचा मामा नाही राहत."

दाराशी उभ्या असलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. मामा मला आत घेऊन गेला. "वाणाच्या दिवशी जावयाले सवाल करते का गा कोणी? तोंड आवर." मी म्हणालो, मामा, हा प्रोग्राम आपल्या कामाचा नाही. तो म्हणाला, "मले समजते. पण आता नाही म्हणता येते का?"

जावई दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरी तो पहिला होता.

माल भरायलाही जावयानेच बसायचं ठरवलं. कुठली पेटी कुठल्या पेटीला बांधलेली आहे एवढं त्याने पाहिलं. गाठी दाखवायला गेलो तर म्हणाला, "ते सोड, यात तशी जागाच नाही." यंत्राच्या पूजेच्या दिवशी मामींनी कात्री घेऊन सगळं सूत कापून टाकलं. देवासारखं यंत्र आलं, आता या चिंध्या कायले, असं त्यांचं म्हणणं. चपला खोलीबाहेर काढायच्या, हा नियमही त्याच दिवशी झाला.

पुढचे काही महिने मी कुठला माल लावायचा याची प्रिंटरमधून निघालेली चिठ्ठी वाचायचो आणि उलटा बदल दिसला की पेनने खोडायचो. मामाला ते दिसायचं आणि आवडायचं नाही. पावसाळा सरताना मला स्टॅबिलायझरचे रिले आणायला नागपूरला जावं लागलं, आणि माल न मिळाल्याने तिथे अडकलो. इकडे जास्त सोसणारे कंडेन्सर संपले. चिठ्ठीवर कमी सोसणारे निघाले. बायांतली सगळ्यात जुनी बाई मामाकडे गेली आणि म्हणाली, "मालक, हे गाठीच्या उलट होऊन राहिलं." मामा म्हणाला, "कागदावर आहे ना? लावा."

आमचा माल लाखनी आणि सिहोऱ्याच्या दुकानांत जायचा. धानपट्ट्यातली वीज तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. शेतातल्या मोटारी चालू असल्या की दिवा मिणमिणतो, आणि त्या बंद झाल्या की व्होल्टेज एकदम चढतं. त्या चढत्या व्होल्टेजखाली आमचे स्टॅबिलायझर फटाफट फुटले. काही फुटताना टीव्हीही जाळून गेले. लोकांनी हौसेने घेतलेले टीव्ही. दोन्हीकडचे दुकानदार मिळून आमच्या दारात आले, आणि मी नागपूरहून उतरून पिशवीसकट त्यांच्यासमोर उभा राहिलो.

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाच्यानं चुकीचा माल लावला," तो त्यांना म्हणाला. "त्याले काढून टाकतो."

चोर सोडून संन्याशाला सुळी, तसं झालं. फरक इतकाच की हा संन्यासी वर्षानुवर्षं मामाच्या घरी जेवलेला होता. दुकानदार मला नको ते बोलले. जुनी बाई मागे उभी होती. तिला सगळं माहीत होतं, पण तिलाही उद्या तिथेच बसायचं होतं.

ते गेल्यावर मी मामाला म्हणालो, नोकरी गेली तर जाऊ दे, पण त्यांना खरं काय ते सांग. कशाच्या जागी काय चालतं हे या मुलखात मला विचारतात. तेवढं एक नाव आहे माझ्याजवळ.

मामाचे डोळे भरले होते, हेही सांगितलं पाहिजे. "पोरगी त्याच्या घरी आहे गा," तो म्हणाला. "जावयाले पर्याय नाही राहत. भाच्याले राहते."

दिवाळीपर्यंत माझ्या जागी दुसरा माणूस आला. मला भंडाऱ्यात कोणी रेडिओसुद्धा उघडू देईना. मामाचा राग मला आहेच, तो वारल्यावरही आहे, पण सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच.

भाऊबिजेला आईने नवं लुगडं नेसलं आणि ओवाळणीचं ताट भरायला घेतलं. मी म्हणालो, "काहून जातेस त्याच्याकडे?"

वात वळता वळता ती म्हणाली, "मले भाऊ एकच आहे ना."

मुलगाही तिला एकच होता. मी तिला रिक्षा आणून दिली.