दंडातली नळी

पालमच्या शाळेत कस्तुराबाई अठरा वर्षं पोरांची खिचडी शिजवत होत्या. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग कीमो लागली. हाताच्या शिरा सापडेनात म्हणून परभणीच्या डॉक्टरांनी उजव्या दंडातून एक बारीक नळी थेट काळजाजवळ नेऊन ठेवली. "नळीला लेप आहे, रक्त गोठायचं नाही," असं ते म्हणाले होते. बाई त्या शब्दावर निर्धास्त होत्या.

तिसऱ्या कीमोनंतर पाच दिवसांनी बांगड्या मनगटात रुतल्या. खांद्यापाशी ठणका लागला. बाईंनी हात पदराखाली झाकला. नळी काढतील, औषध थांबेल, गाठ पुन्हा येईल, असंच त्यांच्या मनानं घेतलं.

ब्लाउजची बाही वर सरकेना, तेव्हा लेकीनं, राजेश्रीनं, पाहिलं.

"माय, हे कव्हापासून?"

"तीन दिस झाले. कुणाला सांगू नको."

राजेश्रीनं ऐकलं नाही. परभणीच्या एसटीत बाई दुसऱ्या हातानं दंड धरून बसल्या. खड्डा आला की श्वास रोखायच्या.

सोनोग्राफीत शिरेतली रक्ताची गुठळी दिसली.

"डॉक्टरसाहेब, तुमी तर लेप हाय म्हणले होते!"

"लेप नळीपुरता असतो, बाई. तोही हळूहळू विरतो. ही औषधं शिरेला आतून पोळतात, या आजारात रक्तही लवकर गोठतं. औषधानं लेपाचं नेमकं काय होतं, ते मलाही पक्कं सांगता येणार नाही."

"मंग काढा की ती नळी!"

"चांगली चालू आहे, राहू द्या. रक्त पातळ करायची सुई रोज पोटात घ्यायची."

"गुठळी सुटली तर?"

"फुप्फुसात जाऊ शकते. म्हणूनच सुया. दम लागला तर तडक या."

पहिली सुई राजेश्रीनं हातात घेतली, पण तिला टोचवेना. बाईंनीच पोटाची वळी चिमटीत धरली अन् म्हणाल्या, "टोच." पुढं रोज त्या आपला श्वास मोजत बसायच्या. चौथ्या कीमोला लाल औषध त्याच नळीतून उतरताना त्यांनी डोळे घट्ट मिटले, पण कीमो चुकवली नाही.

तीन महिन्यांनी सोनोग्राफीत शीर मोकळी दिसली. शेवटची कीमो झाल्यावर सिस्टरनं नळी अलगद ओढून काढली.

"झालं?"

"झालं, मावशी."

बाई ढसाढसा रडल्या. आजही पायऱ्या चढताना जरा दम लागला, तर त्या मधेच बसतात आणि राजेश्रीला हाक मारतात.