गौरीचं प्रदर्शन

माझ्या सासूबाईंना कोणतीही गोष्ट दाखवली की त्या आधी नाक मुरडतात आणि मग बघतात. नवी साडी असो, नवा जावई असो, नाहीतर नव्यानं केलेला रस्ता. त्यांचं नाव सुलोचना. वीज मंडळाच्या बिलाच्या खिडकीवर त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, आणि अर्धं उज्जैन त्या खिडकीतून त्यांच्यावर ओरडून गेलं. माणसांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं उरलं नाही. आता नानाखेड्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना एका शब्दात निकालात काढतात. "फालतू." बहुतेकांना तेवढं पुरतं.

माझ्या मुलीला, गौरीला, आम्ही लहानपणी इंदूरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. आवाज, उजेड, वास, स्पर्श, सगळंच तिला आपल्यापेक्षा कितीतरी जोरात लागतं, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी तेव्हाही नाक मुरडलं. "एवढं सांगायला इंदूर लागतं? मला दिसत नव्हतं का?" दुसऱ्या दिवशी मी उठले, तर त्या गौरीच्या फ्रॉकांची मानेजवळची लेबलं ब्लेडनं उसवत बसल्या होत्या. आमच्या घरात कुकरची शिट्टी वाजत नाही, तीही तेव्हापासूनच. वरण पातेल्यात शिजतं. कुणी वेळ लागतो म्हटलं, की त्या म्हणतात, "घाई असेल त्यानं हॉटेलात जावं."

गौरी आता नऊ वर्षांची आहे. बोलते मोजकंच. जुन्या कॅलेंडरांची पानं ती जमिनीवर पसरते आणि गाल फरशीला टेकवून त्यांच्याकडे बघत पडते. तिला भूक लागली तरी कळत नाही. ते बघून मला वाटायचं, हिला एकदा खरी चित्रं दाखवावीत. आणि नेमके त्याच सुमाराला प्रभाकरराव फडणीस घरी आले.

फडणीस म्हणजे फ्रीगंजातल्या 'रंगक्षिप्रा' मंडळाचे सचिव, माझ्या सासऱ्यांच्या ओळखीतले. स्वतःही चित्रं काढतात. त्यांचे कोणी पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते, हे ते चहा येईपर्यंत सांगून मोकळे होतात. टावर चौकाजवळच्या हॉलमध्ये मंडळाचं प्रदर्शन भरणार होतं, आणि पहिला दिवस विशेष मुलांसाठी ठेवला होता.

"वहिनी, ही तर दिव्य बालकं," ते सासूबाईंना म्हणाले.

"दिव्य? काल तिनं भिंतीला वरण फासलं."

फडणीस मोठ्यानं हसले. गौरी कान दाबत आत निघून गेली. मी विचारलं, "काका, तिथे शांत असेल ना? गोंगाट तिला सहन होत नाही."

"एकदम शांत, बेटा. तू टेन्शनच घेऊ नकोस."

आम्ही तिघी रिक्षातून उतरलो, तेव्हा दारातच ढोल होता. एक नाही, दोन. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, आणि त्यांतून एक बाई प्रत्येक मुलाच्या नावाचा पुकारा करत होती. आत शिरणाऱ्या मुलाच्या कपाळाला गार गंध, गळ्यात झेंडूचा हार, आणि लगेच फोटो. चित्रांवर एवढे दिवे सोडले होते की दारातूनच डोळे मिटावेसे वाटले. ज्या मुलांना जे चार पदार्थ चालत नाहीत, त्यांच्यासाठी मुद्दाम तेच चार पदार्थ रांधून वाढावेत, असा तो थाट होता. आणि वाढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय ते पुण्य!

गौरीच्या कपाळाला कुणाचं तरी बोट लागलं आणि ती खाली बसली. दोन्ही हात कानांवर, तोंड उघडं, आणि आतून निघालेली ती किंकाळी. मी तिला उचलायला वाकले, तोवर मंडळाची एक बाई "ओ मेरा बच्चा" म्हणत तिला मिठी मारायला धावली. गौरीनं स्वतःच्या मनगटाला चावा घेतला.

सासूबाई सरळ ढोलवाल्यापाशी गेल्या आणि त्यांनी ढोलावर हात ठेवला. "बंद कर, भैया." त्यानं केला. दुसऱ्यानंही केला.

फडणीस धावत आले. "वहिनी, फक्त दोन मिनिटं. प्रेसवाले आले आहेत, मुख्य अतिथी रस्त्यातच आहेत."

"त्यांच्यासमोर वाजवा. त्यांना ऐकू येत नसेल," सासूबाई म्हणाल्या आणि रिक्षा थांबवायला गेल्या. गौरी संध्याकाळपर्यंत पलंगाखाली होती. सासूबाई तिच्याजवळ फरशीवर बसून राहिल्या, गुडघे दुखत असूनही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. रंगीत, चांगला मोठा. हात कानांवर, तोंड उघडं, तीच आमची गौरी. खाली हिंदीत छापलं होतं, 'रंगों की दुनिया देख खिलखिला उठी नन्ही परी.' सासूबाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली. मग पेपर घडी करून पिशवीत टाकला. "ऋचा, चप्पल घाल." गौरीला शेजारी माझ्या नणंदेकडे ठेवून आम्ही निघालो.

फडणीस हॉलमध्ये पाहुण्यांची वाट बघत होते. पेपर त्यांच्या टेबलावरही होताच. "बघितलंत का वहिनी? किती सुंदर आलाय! समाजात चांगला मेसेज जातो."

"फडणीस, तुमचं बोट दारात चेंगरलं, आणि मी फोटो काढून खाली लिहिलं की प्रभाकरराव आनंदानं नाचत आहेत, तर कसं वाटेल?"

"तुम्ही फार मनाला लावून घेता हो."

"मनाला नाही, कानाला. हॉल एक दिवस रिकामा द्या. दिवे बंद, स्पीकर बंद, तुमची बाई बंद. माझ्या नातीला चित्रं बघायची आहेत."

फडणिसांनी नियम सांगितले. हॉलची वेळ, मंडळाची बैठक, चौकीदाराची सुट्टी. दिव्यांशिवाय चित्रं कशी दिसणार, हेही विचारलं. "खिडक्या काय शोभेला ठेवल्या आहेत?" एवढंच म्हणून सासूबाई उठल्या आणि दाराशी खुर्ची ओढून बसल्या. जो येईल त्याच्यापुढे त्या पेपर धरायच्या. "ही माझी नात. सांगा बरं, ही हसते आहे का?"

लोक फोटो बघायचे, खालची ओळ वाचायचे आणि पुन्हा फोटो बघायचे. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "ये तो रो रही है, आंटी." सासूबाईंनी मान वळवून फडणिसांकडे पाहिलं. थोड्या वेळानं मंडळाचे अध्यक्ष गाडीतून उतरताना दिसले, तसे फडणीस लगबगीनं आले. "सोमवारी या. सोमवारी बंद असतं. पण वहिनी, ती खुर्ची आता आत घ्या."

सोमवारी आम्ही गेलो. फडणिसांनी फरशी फिनाइलनं पुसू नये, हे सासूबाईंनी आधीच फोनवर बजावलं होतं. पण कोपऱ्यात गुलाबाच्या वासाची डबी टांगलेली होती, ती त्यांनी दोन बोटांत धरून बाहेरच्या जिन्यात नेऊन ठेवली. गौरीनं चपला काढल्या. उंच खिडक्यांतून दुपारचा मऊ उजेड येत होता. ती बराच वेळ दाराशीच उभी राहिली. मग भिंतीवरून तळवा फिरवत चालायला लागली.

सासूबाई मागून चित्रांचा समाचार घेत होत्या, अगदी हळू आवाजात. "राम घाट. पुन्हा राम घाट. हा साधू. हा तोच साधू, दुसऱ्या बाजूनं. आणि हे काय?" शेवटच्या भिंतीवर फडणिसांचं स्वतःचं चित्र होतं, भिंतभर मोठं आणि नुसतं निळं. रंगाचे जाड थर सुरीनं ओढलेले. "भिंतीला नीळ मारून ठेवली आहे," सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. फडणिसांना ऐकू गेलं असावं. ते दुसरीकडे बघायला लागले.

गौरी त्या निळ्यापाशी थांबली. मग खाली आडवी झाली, गाल फरशीला टेकवून, जशी घरी होते तशी. तिचा श्वास संथ झालेला मला दुरूनही कळत होता. मला रडू आलं, तर सासूबाईंनी डोळे वटारले.

फडणिसांचा चेहरा फुलला. "क्षिप्रेचं अंतरंग आहे ते," त्यांनी सुरुवात केली. "बालमनाला जे कळतं, ते मोठमोठ्या समीक्षकांना..."

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. फडणिसांचा हात मोबाइलकडे गेला, सासूबाईंनी नुसतं पाहिलं, आणि तो खिशातच राहिला. थोड्या वेळानं गौरी उठली आणि तिनं त्या जाड रंगावर गाल घासला. फडणिसांच्या तोंडून "अरे, अरे" निघालं. पण ते जागचे हलले नाहीत, एवढं मात्र मान्य करायला हवं.

प्रदर्शन संपेपर्यंत आम्ही दर सोमवारी गेलो. पेपरानं ती ओळ कधीच सुधारली नाही. फडणीस अजूनही दिव्य बालकच म्हणतात, आणि पुढच्या वर्षी ढोलाऐवजी बँड आणायचा त्यांचा विचार आहे असं ऐकलं. शेवटच्या सोमवारी ती भिंत रिकामी होती. निळं चित्र इंदूरच्या कुणीतरी विकत नेलं होतं. गौरी भिंतीला हात लावत फिरली, मग म्हणाली, "निळं कुठे?" पुन्हा म्हणाली. घरी येईपर्यंत तेच म्हणत राहिली.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी फडणिसांना फोन लावला. मी जवळच होते. "फडणीस, दुसरं काढा. तसंच, निळं. लहान चालेल, पण रंग जाड पाहिजे. आणि काच लावू नका."

पलीकडून ते काहीतरी बोलले. बराच वेळ, खुशीत.

"मला?" सासूबाई म्हणाल्या. "मला अजिबात आवडलं नाही. कधी देता ते सांगा."