बाक, भिंत आणि चोवीस घरांची पेटी

दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण लागलं की आमची ही हमखास विचारते, "मग, आज कोणाला आत टाकताय?" मुलं हसतात, मीही हसतो. धुळ्यातल्या त्या प्रकरणात मी एका निर्दोष माणसाच्या अटकेचे कागद तयार करून ठेवले होते. फक्त सही राहिली होती. ती सही झाली नाही, याचं समाधान मला मिळालेल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा मोठं आहे. बक्षिसं तशी फार नाहीत, हेही घरच्यांनी वेळोवेळी मोजून दाखवलं आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी खबर आली की एका इंजिनिअरिंग कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उद्याचा पेपर आजच निघतोय. साध्या वेशातला हवालदार पाठवला. तो एका विद्यार्थ्याला कागदासकट घेऊन आला.

"कोणी दिला?"

"कोणीच नाही साहेब. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर दिसत होता."

"दिसत होता? पेपर म्हणजे काय सिनेमाचं पोस्टर आहे का रे, जाता-येता दिसायला?"

हवालदार मोठ्याने हसला. साहेबांच्या विनोदाला हसणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता. खरं उत्तर मला पहिल्या पाच मिनिटांत मिळालं होतं आणि मी ते असं उडवून लावलं.

तरी खात्री करावी म्हणून कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाच्या मॅडमना ठाण्यात बोलावलं. बाई पाचोऱ्याच्या, बोलणं मोजकं. त्यांनी सांगितलं, "सगळ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरच्या वायरी एका पेटीत येतात. तिला स्विच म्हणतात. चोवीस घरं आहेत तिला. त्यातली कुठली घरं परीक्षा विभागाची आणि कुठली लॅबची, हे मी स्वतः पेटीतच नोंदवून ठेवलंय. पेटी एकच, पण परीक्षेच्या घरातलं लॅबच्या घराला दिसत नाही. लॅबमध्ये पेपर दिसणं अशक्य आहे."

अशक्य म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पेपर टाईप करणारा माणूस एकच होता, परीक्षा विभागाचे हेडक्लार्क. सगळे त्यांना नाना म्हणत. निवृत्तीला चार-सहा महिने उरलेले. विभागाची किल्ली त्यांच्या करगोट्याला.

इथे आमच्या ठाण्याची एक रीत सांगायला हवी. अंमलदाराच्या टेबलासमोर एक बाक होता आणि पलीकडे मोकळी भिंत. बाकावर बसलेला तो फिर्यादी, भिंतीशी उभा तो आरोपी. कोणी हे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण नवा शिपाईसुद्धा बघताच ओळखायचा. एकदा एक फिर्यादी तंबाखू थुंकायला उठला, परत येऊन भिंतीला टेकला आणि अर्धा तास अंमलदाराच्या शिव्या खात राहिला. ती गंमत मी घरी रंगवून सांगत असे.

नाना आले तेव्हा बाकावर रावेरच्या केळीच्या ट्रकने बैल उडवल्याची फिर्याद घेऊन जवळच्या खेड्यातली माणसं दाटीवाटीने बसली होती. नाना आपसूक भिंतीशी उभे राहिले. मी केबिनमधून पाहिलं आणि माझ्या मनात प्रकरण तिथेच संपलं.

"नाना, पेपर कोणाला दिला?"

"कोनलेच नही, साहेब. किल्ली मनी कंबरले शे. बठ्ठं घर तपासी ल्या."

बठ्ठं म्हणजे सगळं. मी पारोळ्याकडचा, त्यामुळे ही अहिराणी बोली माझ्या घरचीच. खोटं बोलणारा माणूस साहेबापुढे बहुधा कचेरीची मराठी बोलतो, एकेक शब्द तोलून. नाना घाबरून थेट घरच्या बोलीवर आले होते. तेव्हाच मला समजायला हवं होतं. मी उलट आवाज चढवला. त्यांनी एकच विचारलं, "सांजले घर जाऊ ना, साहेब? अक्काले सांगेल शे, साक्षीले जास म्हनीसन."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिला साक्षीचं सांगून आलेला माणूस आरोपी म्हणून कोठडीत जाणार होता. अटक झाली की निलंबन, आणि निलंबन झालं की निवृत्तीची फाईल पडून राहणार. हे नानांना ठाऊक होतं, मलाही होतं.

मी सहीला पेन उचललं तेवढ्यात पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली. "साहेब, त्या पेटीचा रंग काय लिहू?"

मी पेटी पाहिलीच नव्हती. वरिष्ठ नेमकं असंच काहीतरी विचारतात, म्हणून चडफडत दोन पंच घेऊन कॉलेजात गेलो.

मॅडमनी पेटी दाखवली, व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटात होती. रंग करडा. वर हळदकुंकवाची पाच बोटं आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. खाली चोवीस वायरी अशा नीट लावलेल्या, जणू परेडला उभ्या आहेत. हिरव्या एकीकडे, निळ्या एकीकडे.

"पूजा कोणी केली?"

कॉलेजचे शिपाईभाऊ कौतुकाची वाट बघत पुढे आले. "मीच केली साहेब, खंडेनवमीला. बठ्ठ्या वायरी काढल्या, पेटी लख्ख पुसली, परत लावल्या. आधी कशा बी गुंतलेल्या होत्या. मी रंगावार लावल्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. कुठली वायर कुठल्या घरात याची वही त्यांनी आणली आणि एकेक वायर हाताने माग काढत पाहिली. परीक्षा विभागाच्या दोन्ही वायरी लॅबच्या घरांत बसल्या होत्या.

"पण इतके दिवस काम कसं चाललं?" मी विचारलं.

"दोन्ही वायरी एकत्रच गेल्या. नानांचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत राहिले, छपाई होत राहिली. म्हणून तिकडे कोणाला शंका आली नाही. पेटीला माणूस कळत नाही साहेब. तो कुठल्या घरात बसलाय, तेवढंच कळतं."

पंचांसमोर त्यांनी लॅबमधला कॉम्प्युटर लावला. उद्याचा पेपर समोर! वायरी मूळ घरांत नेल्या, पेपर गायब. पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा हजर. त्या विद्यार्थ्याचा शब्दन् शब्द खरा होता. फक्त दिसलं म्हणून उचलायचं नसतं, एवढं त्याला प्राचार्यांनी सांगितलं. पेपर रद्द झाला, नवा काढला. शिपाईभाऊंना पुढच्या वर्षीपासून पेटीला लांबून फूल वाहायची परवानगी मिळाली.

ठाण्यात परतलो तर बैलाची फिर्यादवाली मंडळी गेली होती. बाक अख्खा रिकामा, आणि नाना तरीही भिंतीशी उभे.

"बसा, नाना."

"उभाच बरा शे, साहेब."

मी त्यांच्या हाताला धरून त्यांना बाकावर बसवलं आणि शेजारी बसलो. अटकेचे कागद त्यांच्यासमोर फाडले. चहा मागवला. त्यांनी घाईने कप उचलला आणि निम्मा चहा बशीत गेला. मग ते त्या बशीकडे बघून हसले. मलाही छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

दिवेलागणीला जीपने त्यांना घरी सोडलं. अक्का ओट्यावर वाट बघत होत्या. "साक्ष झाली का रे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणालो, "झाली, अक्का. चांगली झाली. चूक आमचीच निघाली."

"मग जेवीसन जाय," त्या मला म्हणाल्या.

त्या पेटीला मी मनात बरीच नावं ठेवली होती. नंतर लक्षात आलं, मीही तिच्यासारखाच वागलो होतो. माणूस पाहिला नाही, तो कुठे उभा आहे तेवढं पाहिलं. दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर मी दोन शिपायांकडून तो बाक उचलून भिंतीला लावून घेतला. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे पहिलं काम तेच केलं.