चंदनाचा टिळा लावलेल्या फ्लॉपी

साहेब दुसरी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला. गिऱ्हाइकाचा हात धरायचा नसतो, हे मला कळत होतं. पण पहिली आत गेल्यावर ड्राइव्ह जे खरखरलं, ते ऐकून मला राहवलं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी मद्रासला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कामावर होतो. साहेबांच्या गिंडीतल्या कारखान्यात मोटारींच्या गिअरबॉक्सची झाकणं बनत. नव्या झाकणाची सगळी ड्रॉइंग्ज एकुलत्या एका पीसीवर होती. दुसऱ्या दिवशी मोटार कंपनीची माणसं ती बघायला येणार होती, आणि सकाळपासून पीसी चालूच होत नव्हता.

आदल्या दिवशी आयुधपूजा झालेली. आपली खंडेनवमी, पण मद्रासेत तिचा थाट मोठा. लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू, आणि त्या दिवशी यंत्रावर काम करायचं नाही. साहेबांच्या मेहुण्यांनी याचा सोयीस्कर अर्थ लावला. कामाला बंदी, खेळायला कुठे? कुठूनशी आणलेला मोटारींच्या शर्यतीचा गेम ते दिवसभर खेळले. गेमचा नाद मलाही होता, त्यामुळे या हातोहात फिरणाऱ्या फ्लॉपी काय काय घेऊन येतात ते मला ठाऊक होतं. गेमबरोबर व्हायरस आला आणि हार्ड डिस्क साफ झाली.

“बॅकअप आहे ना?” मी विचारलं.

ड्राफ्ट्समन सेतुमाधव राव लगबगीनं फ्लॉपींचा डबा घेऊन आले. ते तंजावरचे मराठी, पन्नाशी ओलांडलेले. माझ्याशी जुन्या वळणाच्या मराठीत बोलत, हेल मात्र तमिळ. बॅकअप त्यांनी अगदी नेमानं घेतला होता. साहेबांनी घाईघाईनं पहिली फ्लॉपी घातली, ड्राइव्ह खरखरलं, आणि मग मी डब्यात नीट पाहिलं. प्रत्येक फ्लॉपीला चंदनाचा टिळा होता, वर कुंकू.

तेव्हाची मोठी फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटात बसवलेली पातळ चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असे. तिथे चकती उघडी असते आणि ड्राइव्हचं हेड तिथूनच वाचतं. टिळा नेमका त्या खिडकीवर. तिथे तो शोभून दिसत होता, हेही खरं.

साहेबांचा पारा चढला. असला शहाणपणा कुणी सांगितला, असं त्यांनी रावांना तमिळमध्ये सगळ्यांदेखत विचारलं. उद्या ड्रॉइंग्ज नसतील तर परवापासून येऊ नका, हेही ऐकवलं. मेहुण्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. मला भयंकर राग आला, पण मीही गप्पच बसलो.

साहेब केबिनमध्ये गेल्यावर राव माझ्याजवळ आले. “काही होईल का हो, सार? ह्या वयाला मला कोण घेणार?”

होईल असं मी म्हणालो. खरं तर मला काडीची खात्री नव्हती.

माझी जुनी गाडी बॅटरीचं पाणी भारी प्यायची, म्हणून डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असायचा. तो आणला. ब्लेडनं पाकिटाची कड कापली, चकती अलगद बाहेर काढली आणि त्या पाण्यात धुतली. पुसायची सोय नाही, घासलं की माहिती गेली. सुकल्यावर कोऱ्या फ्लॉपीच्या पाकिटात सरकवली. ड्राइव्हचं हेड स्पिरिटनं साफ केलं आणि बटण दाबलं. वाचली! राव दुसरी चकती धुवायला बसले. त्यांचे हात माझ्यापेक्षा स्थिर होते.

खरखरलेली फ्लॉपी शेवटी ठेवली होती. तिच्यावर बारीक ओरखडा होता, आणि नव्या झाकणाचं ड्रॉइंग नेमकं तिच्यातच. स्क्रीनवर एरर आली. पुन्हा वाचू का, असं मशीन विचारत होतं. मी ‘रिट्राय’चा ‘आर’ दाबला. पुन्हा एरर. पुन्हा ‘आर’. राव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. किती वेळा दाबला आठवत नाही, पण एकदाचं ड्राइव्ह गुरगुरलं, आणि व्हायरस पुसून नव्यानं तयार केलेल्या हार्ड डिस्कवर फाइल उतरली.

साहेब आले. स्क्रीनवरचं झाकण त्यांनी चारही बाजूंनी बघितलं. जीव भांड्यात पडला तरी राग ओसरला नव्हता.

“पण राव, टिळा लावायला सांगितलं कुणी?”

राव दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलले. “तुम्हीच, सार. कॉम्प्युटरचं एकही सामान सोडू नका म्हणालात.”

साहेबांनी वळून कॉफी मागवली.

ऑर्डर मिळाली, रावांची नोकरीही राहिली. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, बॅकअपच्या दोन प्रती ठेवा, आणि त्यातली एक साहेबांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. माफी वगैरे साहेबांनी मागितल्याचं माझ्या कानावर नाही. पण पुढच्या आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी मी तिथेच होतो. साहेब स्वतः फ्लॉपींचा डबा घेऊन रावांच्या टेबलापाशी आले, आणि तो घरी घेऊन जा म्हणाले.