पुण्याच्या सुनेची पहिली बस

पुण्याहून पाहुणे आले की मी आधी एवढंच सांगते: इथे हैदराबादेत सिटी बसमध्ये बायकांनी पुढच्या दारानं चढायचं आणि पुढेच बसायचं. मला हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणजे सासूबाई सांगत होत्या, पण ऐकते कोण!

लग्नाला जेमतेम महिना झालेला. जामबागच्या शाळेत नोकरीची मुलाखत होती, म्हणून नल्लकुंट्याला बसमध्ये मागून चढले आणि पुरुषांत ऐटीत बसले.

"अम्मा, लेडीज सामने," कंडक्टर म्हणाला.

"मला शिकवू नका, मी पुण्याची आहे!" काय ते तेज माझं!

पुढून एक बाई ओरडली, "अगं पुणेवाली, इकडे ये, जागा आहे!"

पुढच्या थांब्यावर फणकाऱ्यानं उतरून पुढून चढले. बस सुटली आणि लक्षात आलं, सर्टिफिकिटांची फाइल मागेच राहिली. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात फाइल डोक्यांवरून, हातोहात पुढे आली.

"लो, पूना का सामान!" मागून कंडक्टर ओरडला.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "हैदराबादेत रुळाल ना?"

"रुळले की!" मी बेधडक म्हणाले. नोकरी मिळाली.